पहिला चीक आणि घड्याळ : नवजात वासराच्या आरोग्याचा इतिहास

प्रस्तावना

गाय व्याली की पुढचे काही तास गोठ्यात गडबड असते. वासरू पुसून कोरडे करायचे, गाईला कोमट पाणी आणि गूळ द्यायचा, वार पडते का यावर लक्ष ठेवायचे. देशाच्या अनेक भागांत या गडबडीत एक नियम पाळला जातो : वार पडेपर्यंत वासराला सडाला लावायचे नाही. वार पडायला साधारण आठ ते बारा तास लागू शकतात. वासरू तेवढा वेळ उपाशी राहते. ते हंबरते, धडपडत उभे राहते, कासेकडे तोंड नेते आणि त्याला मागे ओढले जाते.

हा नियम पाळणारी माणसे निष्काळजी नसतात. गाईला अपाय होऊ नये म्हणूनच ती थांबतात. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने नेमके हेच तास वासराच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे तास असल्याचे दाखवून दिले आहे. पहिला चीक म्हणजे काय, तो न मिळाल्यास वासरू का मरते आणि 'किती' इतकाच 'केव्हा' हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, हे विज्ञानाला कसे कळत गेले याचा आढावा या पाठात घेऊ. विषय पशुवैद्यकाचा असला तरी विज्ञानाच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला त्यात शिकण्यासारखे आहे. एखादी गोष्ट चांगली आहे हे माहीत असणे, ती का चांगली आहे हे कळणे आणि ती वेळेवर घडणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्यांच्यामध्ये कित्येक वर्षे जाऊ शकतात.

शब्द जुना, कारण नवे

व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधाला आपल्या बहुतेक भाषांत स्वतंत्र शब्द आहे. मराठीत चीक, हिंदीत खीस किंवा पेवसी, तमिळमध्ये सीम्पाल. त्यापासून होणाऱ्या पदार्थालाही नावे आहेत : मराठीत खरवस, तेलुगूत जुन्नू, कन्नडमध्ये गिण्णु, गुजरातीत बळी. संस्कृतातला 'पीयूष' हा शब्द तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अमरकोशात तो अमृतासाठीही येतो आणि नव्या दुधासाठीही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गाईचे पेयूष आणि व्यायल्यापासून दहा दिवसांच्या आतले दूध माणसाने वर्ज्य करावे असे सांगितले आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. या निषेधामुळे चीक वासराच्या वाट्याला राहत असेल, हे शक्य आहे. पण 'आपल्या पूर्वजांना रोगप्रतिकारशक्तीचे ज्ञान होते' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ग्रंथात निषेध आहे, कारण दिलेले नाही. पहिले दूध नेहमीच्या दुधासारखे नाही, एवढे निरीक्षण मात्र निश्चित होते. शिवाय त्याच देशात खरवस आवडीने खाल्ला जातो आणि वार पडेपर्यंत वासराला दूर ठेवण्याची रीतही आहे. परंपरा एकच नसते, अनेक असतात, आणि त्या एकमेकींशी जुळतातच असे नाही.

बेंबी की पोट?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दुग्धव्यवसाय वाढला, गोठे मोठे झाले आणि नवजात वासरांची पांढरी हगवण ही मोठी डोकेदुखी झाली. वासरू जन्मतः धडधाकट असे. दोन-तीन दिवसांत पातळ पांढरट हगवण लागे, डोळे खोल जात आणि ते आडवे होई. जंतुशास्त्राचा तो पहिला बहर होता, त्यामुळे शोध साहजिकच जंतूचा सुरू झाला. डेन्मार्कमध्ये कार्ल ओलुफ येन्सेन यांनी 1890 नंतरच्या दशकात या हगवणीचा संबंध आतड्यातील कोलाय जंतूंशी जोडला. फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी आयर्लंडमधील वासरांचा अभ्यास करून रोग बेंबीतून, म्हणजे तुटलेल्या नाळेच्या जखमेतून शिरतो, असे मत मांडले. त्यामुळे नाळ जंतुनाशकाने स्वच्छ करण्यावर भर आला. ती सवय आजही योग्यच आहे.

तरीही एक कोडे उरले. कोलाय जंतू निरोगी वासराच्या आतड्यातही असतात. मग तोच जंतू एका वासराला काही करत नाही आणि शेजारच्याला मारतो, हे कसे? प्रश्न जंतूचा होता तितकाच वासराचाही होता. चिकाबद्दल तेव्हाची सर्वसाधारण समजूत अशी, की तो सौम्य रेचक आहे आणि वासराच्या पोटातला पहिला चिकट मळ बाहेर काढतो. तसे असते तर एरंडेलाच्या चमच्यानेही काम भागले असते.

एर्लिख यांचे उंदीर

उत्तराचा पहिला धागा गोठ्यात मिळाला नाही, तो उंदरांच्या पिंजऱ्यात मिळाला. 1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्प या रोगांच्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य रक्तातील सीरममध्ये असते, हे दाखवले. मग असे द्रव्य आईकडून पिलाकडे जाते का? पॉल एर्लिख यांनी 1892 मध्ये त्याचा छडा लावला. त्यांनी वापरलेली विषे आपल्या ओळखीच्या झाडांची आहेत : एरंडाच्या बीतील रायसिन आणि गुंजेतील अॅब्रिन. थोडे थोडे विष देऊन त्यांनी उंदरांना त्याची सवय लावली. अशा नराची पिल्ले साध्या मादीपासून झाली, तर त्यांना संरक्षण नसे. अशा मादीच्या पिल्लांना मात्र ते काही काळ असे. म्हणजे हा अर्थाने अनुवंशाचा वारसा नव्हता. पुढे त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली : साध्या मादीची पिल्ले संरक्षित मादीच्या अंगावर पाजली. पिल्लांमध्ये संरक्षण आले. ते दुधातून आले होते.

प्रयोगाची रचना पाहा. जन्म देणारी आई आणि दूध पाजणारी आई या दोन गोष्टी निसर्गात एकत्र असतात. एर्लिख यांनी त्या वेगळ्या केल्या आणि म्हणूनच कारण हाती लागले. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा नियम आपण प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी शिकतो. त्याचे याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु उंदराला आईची प्रतिपिंडे जन्मापूर्वी आणि जन्मानंतर, अशा दोन्ही वाटांनी मिळतात. गाईचे काय? 1909 मध्ये ओटो ग्रोसर यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या वारेची रचना तपासून, आई आणि गर्भ यांच्या रक्तामध्ये किती थर असतात त्यावरून वर्गवारी केली. माणसाच्या वारेत आईचे रक्त गर्भाच्या पेशींना थेट भिडते. गाई-म्हशींच्या वारेत गर्भाशयाचे अस्तर मध्ये टिकून असते. प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू ते ओलांडू शकत नाहीत. त्यामुळे माणसाचे बाळ आईची काही प्रतिपिंडे घेऊन जन्मते, वासरू मात्र जवळजवळ रिकाम्या हाताने. 1912 मध्ये फॅम्युलनर यांनी शेळ्यांवर केलेल्या कामातूनही आईचे संरक्षण चिकावाटे पिलाला मिळते, हे पुढे आले.

प्रिन्स्टन, 1922

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन येथे रॉकफेलर इन्स्टिट्यूटचा प्राणिरोग विभाग होता. त्याचे प्रमुख थिओबाल्ड स्मिथ. गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो, हे 1893 मध्ये किलबोर्न यांच्यासह सिद्ध करून त्यांनी नाव मिळवले होते. त्यांनी आणि राल्फ लिट्ल यांनी 1922 मध्ये नवजात वासरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. वासरांचे दोन गट केले. एका गटाला चीक मिळाला. दुसऱ्याला चीक न देता नेहमीचे दूध दिले. गोठा तोच, काळजी तीच. चीक मिळालेली वासरे जगली. न मिळालेल्यांपैकी बहुतेक काही दिवसांतच दगावली. मेलेल्या वासरांच्या यकृतात, मूत्रपिंडात, इतर अवयवांत कोलाय जंतू पसरलेले आढळले. जो जंतू आतड्यात राहायला हवा, तो साऱ्या शरीरात शिरला होता.

कोडे येथे सुटले. जंतू दोन्ही गटांत होते, फरक वासराच्या रक्तात होता. आणि त्या फरकाचा पुरावा त्याच संस्थेत तयार होत होता. पॉल हाउ यांनी 1921 मध्ये दाखवले होते, की नवजात वासराच्या रक्तात ग्लोब्युलिन वर्गातील काही प्रथिने जवळजवळ नसतातच आणि चीक पाजल्यावर ती दिसू लागतात. लिट्ल आणि मॅरियन ऑर्कट यांनी 1922 मध्ये गाईच्या सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे तपासली. गाईच्या रक्तात ती होती, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या रक्तात नव्हती आणि चीक प्यायल्यावर ती वासरात आली.

स्मिथ आणि लिट्ल यांनी आणखी एक पायरी गाठली. चिकाऐवजी गाईच्या रक्ताचे सीरम वासरांना देऊन पाहिले, आणि काही प्रमाणात तेही उपयोगी पडले. म्हणजे संरक्षण देणारी गोष्ट दूधपणात नव्हती, गाईच्या रक्तातून कासेत उतरलेल्या द्रव्यात होती. 1924 मध्ये त्यांनी नोंदवले, की चीक प्यायलेल्या वासरांच्या लघवीत काही काळ प्रथिने येतात. एरवी प्रथिन पोटात गेले की पचते, त्याचे तुकडे होतात. येथे ते अखंड रक्तात शिरत होते.

या सगळ्याचा अर्थ साध्या शब्दांत असा : पहिला चीक हे केवळ अन्न नाही. गाईने आयुष्यभरात त्या गोठ्यातल्या, त्या गावातल्या ज्या रोगजंतूंशी सामना केला, त्या अनुभवाची ती शिदोरी आहे.

पिवळा रंग आणि दुसरे उत्तर

विज्ञानात पहिले चांगले उत्तर मिळाले की वाद संपतो, असे नाही. चीक पिवळा असतो, कारण त्यात कॅरोटिन भरपूर असते. 'अ' जीवनसत्त्वही भरपूर असते. मग वासरे त्याच्या अभावाने तर मरत नसतील? ही शंका रास्त होती. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या शिनफील्ड येथील दुग्धसंशोधन संस्थेत 1950 च्या आसपास चिकाचे भाग वेगळे करून वासरांना देण्यात आले. एका बाजूला स्निग्ध भाग, ज्यात 'अ' जीवनसत्त्व असते, आणि दुसऱ्या बाजूला पाणीदार भाग, ज्यात प्रतिपिंडे असतात. जीव वाचवण्याचे मुख्य काम पाणीदार भागाचे निघाले. जीवनसत्त्वाचे महत्त्व नाकारले गेले नाही, त्याची जागा ठरली.

दरम्यान स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांच्या विद्युत्-वहन पद्धतीने प्रथिने विद्युत्क्षेत्रात वेगवेगळ्या वेगाने सरकवून निराळी करता येऊ लागली, आणि 1939 मध्ये टिसेलियस व कॅबॅट यांनी प्रतिपिंडे गॅमा ग्लोब्युलिन या गटात असतात हे दाखवले. नाव आणि पत्ता दोन्ही मिळाले. आज आपण त्यांना इम्युनोग्लोब्युलिन म्हणतो. गाईच्या चिकात त्यांपैकी आयजीजी हा प्रकार सर्वाधिक असतो.

येथे खरवसाकडे वळू. होल्स्टीन गाईंच्या सरासरी आकड्यांनुसार नेहमीच्या दुधात सुमारे 3 टक्के प्रथिने असतात, पहिल्या धारेच्या चिकात सुमारे 14 टक्के. त्यांत इम्युनोग्लोब्युलिन 6 टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या वेळच्या धारेत ती सुमारे 4 आणि तिसऱ्या वेळी अडीच टक्क्यांपर्यंत उतरतात. ही विरघळलेली प्रथिने उष्णतेने गोठतात, म्हणून चीक वाफवला की खरवस थापीसारखा बसतो. ज्या प्रथिनांमुळे खरवस घट्ट होतो, त्यांतलाच मोठा वाटा वासराच्या संरक्षणाचा असतो. पहिल्या धारेचा खरवस सर्वांत चांगला जमतो, आणि पहिल्या धारेचीच वासराला सर्वाधिक गरज असते. भांडण मोठे नाही. जास्त दुधाच्या गाईचा चीक वासराचे पोट भरून उरतो. क्रम तेवढा पाळायला हवा : आधी वासरू, मग शेजारीपाजारी.

दार किती वेळ उघडे?

अखंड प्रथिन आतड्यातून रक्तात जाते, ही सोय कायमची नसते. नवजात वासराच्या आतड्यातील पेशी मोठे रेणू जवळजवळ निवड न करता आत घेतात. ही क्षमता जन्मानंतर पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते, मग उतरत जाते आणि सुमारे चोवीस तासांत जवळपास संपते. त्यानंतर पाजलेला चीक पचतो, आतड्याच्या आतून थोडा आधारही देतो, पण रक्तात पोहोचत नाही.

निवड होते ती कासेत. व्यायच्या आधीच्या आठवड्यांत गाईच्या रक्तातील आयजीजी मोठ्या प्रमाणावर कासेत ओढले जाते. प्रतिपिंडे वाहून नेणारा खास ग्राहक रेणू असला पाहिजे, अशी कल्पना वेल्समधील रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी मांडली होती. त्याचा जनुक 1989 मध्ये हाती आला. हेच ब्रॅम्बेल 1965 च्या ब्रिटिश समितीचे अध्यक्ष होते. बंदिस्त जनावरांना उठता, बसता, वळता आले पाहिजे, हा विचार त्या समितीच्या अहवालाने सरकारदरबारी नेला.

आता सुरुवातीच्या नियमाकडे पाहा. वार पडायला आठ-बारा तास, आणि दार चोवीस तासांत बंद, त्यातही पहिले सहा तास सर्वांत मोलाचे. थांबण्याची रीत वासराचा नेमका तोच वेळ खर्च करते. उलट वासरू सडाला लागले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते. त्याने पान्हा येतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे पाजल्याने वार अडकण्याची भीती धरण्याचे कारण नाही, झालीच तर मदत होईल.

मोजता येईल का?

चिकाचा दाटपणा डोळ्याने ठरवणे फसवे असते. 1980 मध्ये अमेरिकेत फ्लीनॉर आणि स्टॉट यांनी चिकाची घनता आणि त्यातील इम्युनोग्लोब्युलिन यांचा संबंध लावून हायड्रोमीटरची पद्धत मांडली. हे उपकरण आमच्या द्रवयांत्रिकीच्या प्रयोगशाळेतल्या हायड्रोमीटरसारखेच असते, आणि त्याची चूकही तीच : तापमान. कासेतून नुकता काढलेला गरम चीक विरळ भासतो आणि वाचन कमी येते. फ्रीजमधला थंड चीक असतो त्याहून चांगला वाटतो. साखर कारखान्यात उसाच्या रसासाठी वापरतात तो ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरही येथे चालतो. सुमारे 22 ब्रिक्स म्हणजे लिटरला साधारण 50 ग्रॅम आयजीजी, असा व्यवहारातला मापदंड आहे.

एक ढोबळ हिशोब करू. वासराचे वजन 25 किलो, चीक वजनाच्या दहाव्या हिश्शाने म्हणजे अडीच लिटर, आयजीजी लिटरला 50 ग्रॅम. पोटात गेले 125 ग्रॅम. वेळेवर पाजल्यास त्यातले 25 टक्के रक्तात पोहोचले असे धरू, म्हणजे सुमारे 31 ग्रॅम. रक्तद्रव वजनाच्या 9 टक्के धरला तर सव्वादोन लिटर. भागाकार केल्यास लिटरला सुमारे 14 ग्रॅम. 10 ग्रॅमच्या खाली संरक्षण अपुरे, ही दीर्घकाळ वापरात असलेली सीमा आहे. म्हणजे हे वासरू सीमेच्या वर आहे. आता तोच चीक, तेवढाच, पण उशिरा, आणि शोषण 10 टक्क्यांवर आले असे धरा. उत्तर येते साडेपाच ग्रॅम. चीक तोच, गाय तीच. बदलले ते फक्त घड्याळ.

भारतातील गोठा

भारतात पशुवैद्यक संशोधनाची सुरुवात मोठ्या साथींच्या धाकात झाली. 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. 1893 मध्ये ती मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. समोर बुळकांडीसारखे संकट होते. ती गावेच्या गावे रिकामी करी. वासराचे मरण त्या मानाने निःशब्द होते : एका गोठ्यात एक, कोणत्याही साथीच्या नोंदीत न येणारे.

त्यात हिशोबाची बाजूही होती. देशी गाय आणि म्हैस वासरू किंवा रेडकू सडाला लागल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही, म्हणून खेड्यात त्याला जगवण्यात फायदा होता. ते मेले तर पेंढा भरलेले कातडे पुढे ठेवण्याची वेळ येई. शहरातल्या तबेल्यांत गणित उलटे होते. तेथे दूध लगेच विकले जाई, आणि रेडकाने प्यायलेले दूध म्हणजे तोटा. नर रेडकांचे हाल सर्वांत जास्त. 1970 मध्ये दुग्धमहापूर योजना सुरू झाली आणि पुढे संकरित गाई वाढल्या. संघटित गोठ्यांत वासरू जन्मतःच वेगळे करून बाटलीने पाजण्याची पद्धत आली. तेव्हापासून चीक वेळेवर देणे ही निसर्गाची नव्हे, माणसाची जबाबदारी झाली. आईजवळ सोडले तरी काम आपोआप होतेच असे नाही. अशक्त वासरू, लोंबणारी कास, पहिलटकरीण गाय, यांत वासरू अर्धपोटी राहू शकते.

हा धागा लसीकरणापर्यंतही पोहोचतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ-खुरकुताची पहिली लस वासराला साधारण चौथ्या महिन्यात देतात. चिकातून आलेली आईची प्रतिपिंडे अंगात असताना लस नीट लागू पडत नाही. ती शिदोरी हळूहळू संपते आणि वासराला स्वतःची कमाई सुरू करावी लागते.

समारोप

1892 मध्ये संरक्षण दुधातून जाते हे कळले. 1922 मध्ये वासरासाठी ती जवळजवळ एकमेव वाट आहे हे कळले. पुढच्या साठ वर्षांत ती वाट किती वेळ उघडी असते आणि तिच्यावरून काय जाते, हे मोजता आले. यातले काहीही महागडे नाही. गोठ्यात करायचे ते एवढेच : सड धुवायचे, पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक पाजायचा, सहा तासांच्या आत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा पोटात जाईल हे पाहायचे, नाळेला आयोडीन लावायचे. वारेची वाट गाईने पाहावी, वासराने नाही.

माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडे आधीच मिळालेली असली तरी पहिले दूध पिळून टाकणे त्याच्याही अहिताचेच आहे. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गोठा असेल. पुढच्या वेळी गाय व्याली की घरातली मोठी माणसे 'थांब' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा घड्याळाकडे बोट दाखवा आणि वर केलेला भागाकार त्यांच्यासमोर पुन्हा करा.

विचारासाठी प्रश्न

1. एर्लिख यांनी पिल्लांची अदलाबदल केली नसती, तर त्यांच्या निष्कर्षावर कोणता आक्षेप घेता आला असता?
2. पांढऱ्या हगवणीचा जंतू सापडूनही रोगाचे कारण पूर्ण का कळले नाही? 'जंतू' आणि 'कारण' यांतील फरक स्पष्ट करा.
3. वरील हिशोबात चिकाची प्रत लिटरला 30 ग्रॅम आणि शोषण 25 टक्के धरल्यास 10 ग्रॅमची सीमा गाठण्यासाठी किती चीक लागेल?
4. तुमच्या भागात वार आणि चीक यांविषयी कोणती रीत आहे? ती पाळणाऱ्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मग तपासा.